आत काय घातलंय, दाखव

मे महिन्यातली भर दुपार. नवी मुंबईतल्या पावण्याच्या रस्त्यावरचं डांबर मऊ पडलेलं. आणि अशा उन्हात एक धडधाकट माणूस अंगाला घट्ट बसणारं थर्मल, त्यावर लोकरीसारखं मऊ फ्लीस, त्यावर गळ्यापर्यंत चेन ओढलेलं जाडजूड जाकीट असा सगळा साज चढवून फुटपाथवर उकिडवा बसलाय आणि नसलेल्या पाइपाचा नसलेला नट पान्याने आवळतोय. असं दृश्य कधी पाहिलंय तुम्ही? मी रोज पाहायचो. माझं ताडपत्र्यांचं आणि दोरखंडांचं दुकान हसनचाचांच्या दुकानाला लागून होतं, त्यामुळे माझी खुर्ची कायम पहिल्या रांगेतली.

हा किस्सा मी लग्नाच्या पंगतीत सांगतो, पूजेच्या प्रसादाला सांगतो, सोसायटीच्या मीटिंगमध्ये भांडण पेटलं की ते विझवायलाही सांगतो. उठून, उकिडवा बसून, पान्यासकट करून दाखवतो. लोक डोळे पुसेपर्यंत हसतात. मग कोणीतरी विचारतं, "आता कुठे असतात हो ते चाचा?" तेव्हा मी मठ्ठा मागतो किंवा मला अचानक फोन येतो. पुढचं मी कधी सांगत नाही. आज सांगतो.

हसनचाचा मूळचे श्रीवर्धनकडचे. बारीक चणीचे, दाढीला मेंदी, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट आणि पायात साध्या चपला. दुकानाच्या पाटीवर हेल्मेट, गमबूट, सेफ्टी शूज, रेनकोट अशी आजूबाजूच्या कारखान्यांना लागणारी नावं रंगवलेली होती. त्याखाली त्यांनी स्वतःच्या हाताने, वाकड्या अक्षरांत लिहिलं होतं, 'थंडीचे कपडे'. नवी मुंबईत! जिथे डिसेंबरात लोक पंखा दोनवरून एकवर आणतात आणि त्याला हिवाळा म्हणतात, तिथे! पण गिऱ्हाईक होतं. आपल्याकडचे गवंडी, फिटर, वेल्डर पार उत्तरेकडच्या बर्फाळ डोंगरांतल्या बोगद्यांच्या, पुलांच्या कामांवर जायचे. अलीकडे तर एजन्सीवाले बांधकामाची माणसं थेट युरोपात न्यायला लागले होते. जाण्याआधी कोणीतरी त्यांना सांगायचं, पावण्याला एक चाचा आहे, त्याच्याकडे जा.

दुसरा दुकानदार साइझ विचारतो. चाचा विचारायचे, "काम काय करतोस?" दिघ्याचा बिपिन पहिल्यांदा आला तो दिवस मला लख्ख आठवतो. पोरगा गिलाव्याचं काम करणारा, लाजरा. चाचांनी त्याला जाकीट चढवलं, रस्त्यावर उभा केला आणि हुकूम सोडला, "आता छताला प्लास्टर मार."

"इथे?" बिपिन म्हणाला. समोर रिक्षावाले थांबले होते.

"मग काय तिकडे जाऊन मारनार पहिल्यांदा? हात वर!"

बिपिनने हात वर केले. जाकीट वर सरकलं आणि पाठीचा वीतभर भाग उघडा पडला. चाचांनी तिथे थंड पाण्याची बाटली टेकवली. पोरगा असा उडाला की रिक्षावाल्यांनी टाळ्या वाजवल्या.

"बघितलं? इथून वारा शिरला की दुपारपर्यंत तू आडवा. काढ. लांब पाठीचं देतो."

प्लंबरला उकिडवा बसवायचे, सळई बांधणाऱ्याला हातमोजे घालून तारेची गाठ मारायला लावायचे, आणि गाठ बसली नाही तर हातमोजे परत खोक्यात. वेल्डरने फ्लीसला हात लावला की ओरडायचे, "ते सोड! ठिनगी पडली की ते वितळून कातडीला चिकटेल. तुला दुसरं." कानटोपीवर त्यांचा भारी राग. "साइटवर वरून कोन ओरडला तर ऐकायला कान नको?" दोन मोजे एकावर एक घालणाऱ्याला तर ते माणसांत धरत नसत. बूट आवळले की पाय जास्त गार पडतात, हे ते बुटात बोटं घालून दाखवायचे.

आणि एक गोष्ट ते प्रत्येकाला बजावून सांगायचे. आपल्याकडचा माणूस थंड मुलखात गेला की हमखास एकच चूक करतो. थंडीच्या धास्तीने सकाळीच असेल नसेल ते सगळं अंगावर चढवतो, आणि आत आपलं नेहमीचं सुती बनियन. मग घमेली उचलली की घाम फुटतो. तो सुती बनियनात जिरतो. चहाला बसलं की तोच घाम बर्फासारखा अंगाला बिलगतो. "म्हनून आत सुती नाय. आनि कामाला निघताना अंगात एक कपडा कमी. थोडी थंडी वाजली पायजे. वाजत असेल तर समज बरोबर घातलंय."

हे ते शिकले कसे, त्याचाही एक खेळ व्हायचा. तरुणपणी ते बोगद्याच्या कामावर सुताराच्या हाताखाली गेले होते. आईने विणलेले दोन स्वेटर, मामाचा कोट आणि आत गंजी असं सगळं त्यांनी गावातूनच घालून निघायचं ठरवलं. "पनवेल येईपर्यंत माझी आंघोळ झाली अरुणशेठ! शेजारचा मानूस उठून दुसरीकडे बसला." पुढे तिकडे तेच करून ते आजारी पडले, छाती भरली, कसेबसे उठले. मग मात्र कुठलं कापड घाम धरतं आणि कुठलं सोडतं याचा त्यांनी ध्यास घेतला. या गोष्टीत एक अस्वलही होतं. ते बोगद्याच्या तोंडाशी आलं होतं आणि चाचांकडे बघून गेलं होतं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा अस्वल कुत्र्याएवढं होतं. वर्षा-दोन वर्षांत ते रेड्याएवढं झालं. पुढे एकदा त्यांनी ते ट्रकशेजारी उभं केलं तेव्हा मी म्हणालो, "चाचा, आता बोगदा लहान पडेल त्याला." आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत.

कॅरममध्ये ते कोपराने सोंगटी सरकवायचे, हेही सांगून टाकतो. पकडलं की म्हणायचे, "वारा हाय."

त्यांची खरी करामत म्हणजे ट्रायल रूम. गल्लीच्या टोकाला एक शीतगृह होतं, गोठवलेला मटार आणि मासळी ठेवणारं. तिथला सुपरवायझर चाचांचा दोस्त. मोठं गिऱ्हाईक असलं की चाचा त्याला थेट त्या थंड खोलीत नेऊन उभं करायचे. एकदा पावणे गावातले पाटील आले. शेती गेली, चाळी आल्या, आता बिल्डरांना माणसं पुरवतात. डोंगरातल्या एका कामावर त्यांची टोळी जायची होती. त्यांना सगळ्यांसाठी एकच, सगळ्यात जाड जाकीट हवं होतं, खाली काही नको. चाचांनी वाद घातला नाही. पाटलांना ते जाकीट घातलं, मटाराच्या खोलीत नेलं आणि म्हणाले, "शेट, जरा ते खोके तिकडे ठेवायला मदत करा." पाटील तालमीतला माणूस. भराभर खोके उचलले, खुशीत आले, घामाघूम झाले. "कवरा गरम हाय रं ह्यो!" म्हणाले.

"मस्त. आता बसा. चहा येतोय."

चहा काही येईना. थोड्या वेळाने दार उघडलं तेव्हा पाटील दात वाजवत बाहेर आले. "चाचा, मना मारायला आनलंव का तुमी?" पण टोळीतल्या प्रत्येक माणसासाठी तिन्ही थर घेऊन गेले, आणि जाताना चहा मागून, बसून, पिऊन गेले.

आता इम्रान. चाचांचा एकुलता एक. सानपाड्याला त्यांचं घर होतं. चाचा, जुलेखाभाभी आणि इम्रान. पोरगा टाइल फिटर. हात असा सरळ की पामबीच रोडकडच्या टॉवरवाले त्याचं नाव घेऊन बोलवायचे. दिसायला देखणा, केसांवर भारी जीव, बापाच्या दुकानाची पोटभर चेष्टा करणारा. "अब्बा, तुमी एसी विका ना. लोक दुवा देतील."

बिपिन युरोपात गेला. एक थंडगार देश, त्याचं नाव चाचांना शेवटपर्यंत नीट म्हणता आलं नाही. तिथून तो फोटो पाठवायला लागला. पांढरी झाडं, पांढरी छपरं, आणि मधोमध चाचांचं लांब पाठीचं जाकीट. ते फोटो चाचा कौतुकाने गिऱ्हाइकांना दाखवायचे. त्याहून जास्त वेळ ते इम्रान बघायचा, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. एके दिवशी तो एजन्सीत जाऊन नाव घालून आला. बाहेरच्या भिंतींना दगडी फरश्या बसवायचं काम होतं.

चाचा भडकतील असं मला वाटलं होतं. ते भडकले नाहीत. दुकानात बसून राहायचे, गिऱ्हाइकाला साइझ विचारायचे. फक्त साइझ! मी घाबरलो. एकदा मला म्हणाले, "दुसऱ्यांची पोरं पाठवली मी. बिनधास्त पाठवली. आता कुठल्या तोंडाने नाय म्हनू?"

"दुकान देतो म्हणा ना त्याला."

"बोललो. तो म्हनतो, अब्बा, दोन मानसांनी गमबूट विकायचे काय?"

मग एका सकाळी ते उठले आणि त्यांनी दुकानातला एकेक खोका खाली काढला. इम्रानला उभा केला. मी स्टूल घेऊन गेलो, असला प्रयोग चुकवायचा नसतो. फरशी बसवणारा माणूस वाकतो, गुडघ्यावर येतो, मग दोन्ही हात पुढे करून वजन तोलतो. हे सगळं त्या पोराला किती वेळा करायला लावलं! खांद्यात ओढतंय का? गुडघ्यात जाड आहे का? इम्रानच्या मनात एक काळं, फुगीर, चकचकीत जाकीट भरलं होतं.

"ते लग्नात घाल," चाचा म्हणाले.

"कोणाच्या?"

"तुझ्या. कामावर हे."

"अब्बा, ह्यात मी गॅसच्या सिलिंडरसारखा दिसतो."

"दिस. जिवंत सिलिंडर दिस."

जुलेखाभाभींचं वेगळंच. त्यांनी घरी बॅगेत पांढरी सुती बनियनं घडी करून ठेवली. चाचांनी काढली. त्यांनी परत ठेवली. चाचा म्हणाले, "अगं, सुती नको अंगाला, किती वेळा सांगू?" भाभी म्हणाल्या, "सगळ्या दुनियेला सांगा. माझा पोरगा लहानपनापासून सुतीच घालतो." शेवटी बॅग भरायला इम्रानच बसला, आणि त्याने दोघांकडे बघत बनियनं एका बाजूला आणि थर्मल दुसऱ्या बाजूला कोंबली.

तो गेल्यावर एक नवा खेळ सुरू झाला. आमची दुकानं उघडून जरा वेळ झाला की तिकडे उजाडायचं आणि इम्रानचा व्हिडिओ कॉल यायचा. सलाम झाला की चाचांचा पहिला प्रश्न, "चेन उघड. आत काय घातलंय, दाखव." इम्रान जाकीट उघडायचा, फ्लीसची कॉलर खाली ओढायचा, आतलं थर्मल दाखवायचा. "दिसलं? आता कातडी पण दाखवू?" मागे बिपिन हसायचा. हळूहळू बिपिनही रांगेत उभा राहायला लागला, मग त्यांच्या राहायच्या केबिनमधली बाकीची पोरं. कोणी बिहारचा, कोणी केरळचा, चाचांची भाषा न कळणारे. सगळे चेन उघडून उभे आणि इकडे पावण्याला चाचा फोन नाकाशी धरून, साहेबाच्या थाटात, "तू पास. तू मोजे एक काढ. तू फेल, जा बदलून ये." मी गल्ल्यावरून उठून बघायला जायचो. सगळा हिवाळा हे चाललं. चाचा इतके खूश मी कधी पाहिले नव्हते. अस्वलही त्या दिवसांत पुन्हा वाढायला लागलं होतं.

मार्च लागला होता. आमच्याकडे उकाडा सुरू झालेला, तिकडची थंडी सरत आलेली. त्या सकाळी फोन आला तेव्हा मी चाचांच्याच दुकानात चहा पीत होतो. तपासणी झाली, सगळे पास. फोन ठेवताना इम्रान हात चोळत म्हणाला, "अब्बा, आज जरा थंडी वाजतेय."

"वाजू दे," चाचा म्हणाले. "कामाला लागलास की जाईल."

इम्रान हसला. "हो, हो, माहितीय." फोन बंद झाला. चाचांनी उरलेला चहा बशीत ओतला.

दुपार व्हायच्या आत त्याच नंबरवरून पुन्हा फोन आला. चाचांनी सवयीने तोंडासमोर धरला. पण पडद्यावर कोणी नव्हतं, नुसता आवाज होता, बिपिनचा. रात्रभरात उंच बांधलेल्या परांचीच्या फळीवर बर्फाचा पापुद्रा धरला होता. काचेसारखा, दिसत नव्हता. इम्रान फरशी घ्यायला वळला आणि त्याचा पाय सरकला. बिपिन रडत रडत एवढंच पुन्हा पुन्हा सांगत होता.

चाचा ओरडले नाहीत. बसले नाहीत. त्यांनी विचारलं, "अंगावर काय होतं?"

"काय चाचा?"

"त्याच्या अंगावर. काय होतं?"

"सगळं होतं चाचा. तिन्ही होतं."

"आतलं?"

"तुमी दिलेलं. थर्मल."

"हं," चाचा म्हणाले, आणि फोन माझ्या हातात देऊन स्टुलावर चढले. वरच्या फळीवरचे खोके सरळ करायला लागले. ते आधीच सरळ होते.

इम्रानला आणायला दिवस लागले. कागद, सह्या, परवानग्या. तेवढे दिवस मी दुकान बंद करून सानपाड्याला त्यांच्याजवळ जाऊन बसायचो. लोक येत, हात हातात घेत, जात. चाचा सगळ्यांशी नीट बोलायचे. आम्ही दोघेच उरलो की मात्र एकच, "अरुणशेठ, मी वाजू दे म्हनालो."

"चाचा, पाय घसरला त्याचा. त्यात थंडीचा काय संबंध?"

"काय संबंध नाय. ते मला कळतं. पन पोरगा बोलला, अब्बा, थंडी वाजते. आनि बाप बोलला, वाजू दे."



पेटी आली त्या दिवशी ऊन असं होतं की इमारतीच्या अंगणात उभं राहवेना. मी दुकानातली सगळ्यात मोठी ताडपत्री आणून बांधली. तेवढंच माझ्या हातात होतं. गुसल, म्हणजे शेवटची आंघोळ, झाली. कफनाचं कापड अंथरायला मशिदीतली माणसं पुढे झाली तेव्हा चाचांनी हाताने त्यांना थांबवलं. पांढरं, साधं, सुती कापड. पुरुषाला तीन. एकावर एक. मी लांब उभा होतो, तरी मला दिसलं की त्यांनी पहिल्या कापडाची कड अंगठा आणि बोट यांच्यामध्ये घेतली. दुकानात प्रत्येक कापडाची घ्यायचे तशीच. जरा चोळली. मग खाली वाकून ती तिन्ही त्यांनी स्वतः अंथरली, सुरकुती काढत.

भाभींना तोंड बघायला आणलं. त्यांनी इम्रानच्या गालाला हात लावला आणि झटक्यात काढून घेतला. मग पुन्हा लावला.

"किती गार पडलाय," त्या म्हणाल्या. आजूबाजूच्या बायका त्यांना धरायला लागल्या. त्या चाचांकडे बघून म्हणाल्या, "अहो, किती गार पडलाय. घाला ना काहीतरी अजून त्याच्या अंगावर."

प्लंबरला काय, वेल्डरला काय, गिलाव्यावाल्याला काय, सगळ्या दुनियेला काय घालायचं ते जाणणारा माणूस बायकोसमोर हात लोंबकळत सोडून उभा होता.

"एवढंच असतं, जुलेखा," ते म्हणाले. "आता एवढंच असतं."

त्यानंतर चाचा दुकानात आले ते आवरायलाच. माल एका ओळखीच्या माणसाने उचलला. श्रीवर्धनकडचं घर उघडायचं ठरलं होतं. शेवटच्या सकाळी दुकान रिकामं झालं होतं, पंखाही काढून नेला होता. मी चहा घेऊन गेलो. चाचा मधोमध उभे होते आणि त्यांच्या हातात फोन वाजत होता. नेहमीची वेळ. आधीचे सगळे दिवस बिपिन रोज लावत होता आणि ते उचलत नव्हते. त्या दिवशी त्यांनी उचलला.

केबिनमध्ये पोरं रांगेत उभी होती. मग बिपिन म्हणाला, "चाचा, बघनार ना?"

चाचांनी मान हलवली. पोरांनी एकामागून एक चेन उघडली. चाचा प्रत्येकाकडे बघत राहिले, नेहमीपेक्षा खूप जास्त वेळ. पास नाही, फेल नाही. मग त्यांनी कधी न विचारलेलं विचारलं.

"थंडी वाजते का रे?"

"थोडी," बिपिन म्हणाला. "पन तुमीच सांगता ना चाचा, सुरुवातीला थोडी वाजली पायजे."

चाचांनी फोन तोंडाजवळ आणला.

"नको. घाला अजून एक. सगळे घाला."

"चाचा, घाम येईल ना मग."

"येऊ दे, बेटा," चाचा म्हणाले. "येऊ दे घाम."

तिकडे पोरांनी एकमेकांकडे बघितलं. मग एकेक जण वाकला आणि पलंगाखालच्या बॅगेतून काहीतरी काढून अंगावर चढवायला लागला. आणि इकडे, त्या रिकाम्या दुकानात, शेवटच्या पोराची चेन गळ्यापर्यंत वर जाईपर्यंत चाचा दोन्ही हातांत फोन धरून उभे होते.